इशारा आणि धोका यांमधील अंतर : जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथेतील कथाविचार, पर्यावरण आणि यंत्र

१. प्रास्ताविक

मराठी विज्ञानकथेचा विचार आपल्याकडे बहुधा दोन प्रश्नांभोवती फिरत राहिला आहे. पहिला प्रश्न असा की, कथेत आलेले विज्ञान कितपत खरे आहे. दुसरा प्रश्न असा की, कथा म्हणून ते लेखन कितपत उतरले आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा अधिकार मराठीच्या प्राध्यापकाला नाही अशी आपली समजूत असते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आपण नवकथेने घडवलेल्या निकषांवर देतो. व्यक्तिचित्रण सपाट आहे, भाषा निवेदनपर आहे, शेवट योजून आणलेला आहे असे शेरे मारून आपण हा वाङ्मयप्रकार बालवाङ्मय आणि रहस्यकथा यांच्या शेजारी नेऊन बसवतो. अभ्यासक्रमात त्याला एखाद्या घटकापुरती जागा मिळते आणि विषय तेथेच संपतो.

प्रस्तुत लेखात एक तिसरा प्रश्न उपस्थित करावयाचा आहे. विज्ञानकथा आपल्या वाचकाला कोणत्या प्रकारची आशा देते, आणि ती आशा कथेच्या नेमक्या कोणत्या ठिकाणी वसलेली असते? निसर्गाचे संतुलन ढळत असल्याची जाणीव आज विद्यार्थ्यांच्या रोजच्या अनुभवाचा भाग झाली आहे. अशा काळात हा प्रश्न केवळ तात्त्विक राहत नाही. त्यासाठी डॉ. जयंत नारळीकर यांच्या काही निवडक कथाकादंबऱ्यांचा आणि त्यांच्या कथाविषयक भूमिकेचा विचार येथे केला आहे. २० मे २०२५ रोजी पुणे येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या लेखनाकडे आता एक पूर्ण झालेली वाङ्मयीन कृती म्हणून पाहणे शक्य आणि आवश्यकही आहे.

हा लेख बिद्रीसारख्या गावात राहून लिहिला जात आहे याचा उल्लेख आरंभीच करणे योग्य ठरेल. कागल तालुक्यातील हे गाव उसाच्या पट्ट्यात आहे. दूधगंगा-वेदगंगेच्या नावाने ओळखला जाणारा सहकारी साखर कारखाना येथे आहे आणि आमचे बहुतेक विद्यार्थी ऊस पिकवणाऱ्या घरांतले आहेत. नारळीकरांची कथा मुंबई, पुणे, केंब्रिज या अवकाशात वावरते. ती येथे वाचली जाते तेव्हा तिच्याविषयी काही निराळे प्रश्न उभे राहतात. त्या प्रश्नांनीच या लेखाला चालना दिली आहे.

२. फळ्यावरचे कोडे : नारळीकरांचा कथाविचार

नारळीकरांचा जन्म १९ जुलै १९३८ रोजी कोल्हापुरात झाला. त्यांच्या आत्मचरित्राचे नाव ‘चार नगरांतले माझे विश्व’ असे आहे आणि ती चार नगरे म्हणजे बनारस, केंब्रिज, मुंबई व पुणे. कोल्हापूर त्यांत नाही. ते आजोळ म्हणून येते. या ग्रंथाला २०१४ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. या आत्मचरित्रात आणि इतरत्रही त्यांनी बनारसच्या घरातील एक आठवण सांगितली आहे. त्यांचे मामा मोरेश्वर हुजूरबाजार शिक्षणासाठी त्यांच्याकडे राहत असत. ते घरातील फळ्यावर गणिताचे एखादे कोडे लिहून ठेवत आणि छोट्या जयंताला ते सोडवण्याचे आव्हान देत. कोडे सुटेपर्यंत ते फळ्यावर तसेच राही.

ही आठवण चरित्रात्मक तपशील म्हणून प्रसिद्ध आहे. परंतु नारळीकरांच्या कथेच्या घाटाचे मूळही तिच्यात शोधता येईल असे वाटते. त्यांची कथा बहुधा एका विसंगतीपासून सुरू होते. डाव्या सोंडेचा म्हणून माहीत असलेला गणपती उजव्या सोंडेचा दिसतो. इतिहासाच्या ग्रंथात पानिपतचा निकाल उलटा लागलेला आढळतो. मुंबईत बर्फ पडते. ही विसंगती फळ्यावर लिहिलेली राहते. पात्रे येतात, तर्क करतात, चुकतात, पुन्हा तर्क करतात. कथेची गती व्यक्तींच्या मनोव्यापारातून निर्माण होत नाही, ती उत्तराच्या शोधातून निर्माण होते. येथे पात्रे ही बहुधा युक्तिवादातील भूमिका असतात. हे मान्य केले म्हणजे ‘सपाट व्यक्तिचित्रण’ हा आक्षेप खोटा ठरत नाही, पण त्याचे वजन बदलते. संवादरूप तत्त्वचर्चेतील पृच्छकाला मनोविश्लेषण नाही म्हणून आपण दोष देत नाही. तसाच काहीसा विवेक येथेही करावा लागतो.

नारळीकर कथालेखनाकडे वळले तो प्रसंग सर्वश्रुत आहे. अहमदाबाद येथील एका परिसंवादातील कंटाळवाण्या व्याख्यानाच्या वेळी त्यांनी हाताशी असलेल्या कागदांवर कथा लिहावयास आरंभ केला. ‘कृष्णविवर’ ही ती कथा मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या स्पर्धेसाठी त्यांनी ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने पाठविली. स्वतःच्या नावाची आद्याक्षरे उलटी करून हे नाव तयार केलेले होते आणि हस्ताक्षर ओळखले जाऊ नये म्हणून कथेची प्रत पत्नी मंगला नारळीकर यांच्या अक्षरात होती. कथेला पहिले पारितोषिक मिळाले. पुढे १९७५ च्या कऱ्हाड साहित्यसंमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गा भागवत यांनी या नव्या लेखनाची दखल घेतली. ‘यक्षांची देणगी’ हा पहिला संग्रह १९७९ साली प्रसिद्ध झाला.

टोपणनावाचा हा प्रसंग गंमत म्हणून सांगितला जातो. त्यामागील वृत्ती मात्र शास्त्रज्ञाची आहे. परीक्षकाला लेखकाचे नाव माहीत असेल तर त्याचा निर्णय निर्दोष राहत नाही; म्हणून नाव झाकून घ्यावयाचे. आपल्या कथेची किंमत अशा रीतीने तपासून घेणारा लेखक पुढे आयुष्यभर विज्ञानकथेचे समर्थन करीत राहिला. त्याच्या भूमिकेचा सारांश असा सांगता येईल : कथेतील विज्ञान हे नेपथ्यासाठी आणलेले नसावे, ते काढून घेतले तर कथाच उरू नये. भुताखेतांच्या गोष्टीला यंत्रांची नावे दिल्याने ती विज्ञानकथा होत नाही. आणि विज्ञानकथेने वाचकाला विज्ञानाच्या दाराशी आणावे, तसेच विज्ञानाच्या अविचारी वापराबद्दल सावधही करावे. नाशिक येथील २०२१ च्या ९४ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. प्रकृतीमुळे ते प्रत्यक्ष उपस्थित राहू शकले नाहीत. पण एका विज्ञानलेखकाला हे पद मिळणे आणि त्या पदावरून विज्ञानकथेची बाजू मांडली जाणे, या दोन्ही गोष्टी मराठी वाङ्मयाच्या इतिहासात नोंदवाव्या लागतील.

३. भविष्य आणि भाकीत

विज्ञानकथा भविष्य सांगते असे सैलपणाने म्हटले जाते. नारळीकरांच्या बाबतीत हे विधान काळजीपूर्वक तपासले पाहिजे, कारण भविष्य सांगण्याच्या व्यवसायाशी त्यांचे आयुष्यभराचे वैर होते. २००८ साली त्यांनी नरेंद्र दाभोलकर आणि अन्य सहकाऱ्यांसमवेत फलज्योतिषाची चाचणी घेतली. हुशार आणि मतिमंद अशा दोन गटांतील एकूण २०० मुलांच्या कुंडल्या जमविण्यात आल्या व कोणती कुंडली कोणत्या गटातील हे ज्योतिषांनी सांगावयाचे होते. ज्या २७ ज्योतिषांनी उत्तरे पाठविली त्यांच्या यशाचे प्रमाण सुमारे ४६ टक्के भरले. नाणे उडवून सांगितले असते तरी निम्मी उत्तरे बरोबर आली असती.

ज्योतिषाने सांगितलेले भविष्य ऐकणाऱ्याच्या हातात काही ठेवत नाही. फार तर शांत करण्याचा विधी ठेवते. विज्ञानाचे भाकीत सशर्त असते. अमुक गोष्टी अशाच चालू राहिल्या तर तमुक घडेल, हे त्याचे रूप होय. त्यातील ‘जर’ हा शब्द महत्त्वाचा. ‘धूमकेतू’ या कथेत ही दोन्ही रूपे समोरासमोर उभी केलेली आहेत. बंगालमधील एक हौशी आकाशनिरीक्षक धूमकेतू शोधतो. तो पृथ्वीवर आदळणार असे गणितावरून दिसते आणि शास्त्रज्ञ गुप्तपणे त्याचा मार्ग बदलण्याची योजना आखतात. इकडे घरात यज्ञ होतो. संकट टळते तेव्हा श्रेय यज्ञाला दिले जाते. निष्कर्ष कोणता हे वाचकाला कळते, पण घराला कळत नाही. कथा तेथेच थांबते. लेखकाने येथे विजयाचा डंका वाजविलेला नाही. संकटातून सुटका होऊनही समाजाने त्यातून काहीच शिकू नये, हा या कथेतील खरा खेद आहे.

‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेकडेही या अंगाने पाहता येईल. ‘पानिपत होणे’ हा मराठीत सर्वनाशाचा वाक्प्रचार आहे आणि शीर्षकात त्याचाच खेळ आहे. १७६१ च्या लढाईत विश्वासरावाला गोळी लागली नाही, चाटून गेली, एवढ्या एका फरकाने इतिहासाचा सगळा प्रवाह बदललेल्या जगात इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत जाऊन येतात. स्पष्टीकरणासाठी पुंजवाद येतो. परंतु साहित्याच्या अभ्यासकाला त्यामागील आणखी एक सूचन जाणवते. भूतकाळाला जर फाटे फुटू शकत होते, तर वर्तमानालाही फुटू शकतात. जे घडले ते अटळ होते असे मानण्याची आपली सवय ही कथा मोडते. दैववादाला दिलेले हे उत्तर आहे, आणि आशेच्या विचाराची पहिली पायरीही हीच आहे.

४. ‘हिमप्रलय’ : आशा कोठे आहे?

पर्यावरणाच्या संदर्भात नारळीकरांची सर्वांत महत्त्वाची कथा ‘हिमप्रलय’ ही होय. वसंत चिटणीस हा भारतीय शास्त्रज्ञ हिमयुग जवळ आल्याचा इशारा देतो. राजीव शहा हा पत्रकार तो इशारा छापतो. इतर तज्ज्ञ त्याकडे दुर्लक्ष करतात. काही वर्षांनी मुंबईत बर्फ पडते. उत्तर गोलार्धातील राष्ट्रे गोठू लागतात, पक्षी मरून पडतात, माणसे विषुववृत्ताकडे सरकतात. अखेर अग्निबाणांच्या साहाय्याने वातावरणाच्या वरच्या थरांत धातूचे सूक्ष्म कण पसरून सूर्याची उष्णता धरून ठेवण्याची प्रचंड मोहीम हाती घेतली जाते.

कथेतील शास्त्रीय कल्पना अशी : समुद्राचा वरचा उबदार थर वातावरणाला उष्णता पुरवीत असतो. हा पुरवठा क्षीण होऊन वरच्या हवेचे तापमान उणे ४० अंशांपर्यंत उतरले तर बाष्पाचे थेट सूक्ष्म हिमस्फटिक बनतात. हे स्फटिक सूर्यप्रकाश विखरून टाकतात, त्यामुळे थंडी आणखी वाढते आणि चक्र स्वतःच फिरत राहते. ज्वालामुखीची धूळ हे चक्र सुरू करून देऊ शकते. नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉईल यांनीही १९८१ च्या ‘आइस’ या ग्रंथात याच दिशेने मांडणी केली होती. हॉईल स्वतः ‘द ब्लॅक क्लाउड’ या १९५७ च्या गाजलेल्या विज्ञानकादंबरीचे लेखक होते, हेही येथे ध्यानात ठेवावे.

आजचा वाचक लगेच आक्षेप घेईल की, पृथ्वी तापते आहे आणि कथा तर थंडीची आहे. म्हणजे लेखकाचा अंदाज चुकला. विद्यार्थी हा आक्षेप दरवर्षी घेतात. त्याला दोन उत्तरे आहेत. पहिले, यंत्रणेच्या पातळीवर कथा सर्वस्वी चुकलेली नाही. १९९१ साली फिलिपीन्समधील पिनातुबो ज्वालामुखीचा उद्रेक झाला तेव्हा वातावरणात गेलेल्या कणांमुळे पृथ्वीचे सरासरी तापमान सुमारे अर्ध्या अंशाने काही काळ उतरले. आज तापमानवाढ रोखण्यासाठी असेच कण मुद्दाम वातावरणात सोडावेत काय, हा वैज्ञानिकांमधील गंभीर वादाचा विषय आहे. अमेरिकन लेखक किम स्टॅन्ली रॉबिन्सन यांची ‘द मिनिस्ट्री फॉर द फ्यूचर’ ही २०२० ची कादंबरी उत्तर प्रदेशातील जीवघेण्या उष्णतेच्या लाटेपासून सुरू होते, आणि तिच्यात भारत सरकार कुणाचीही परवानगी न घेता आकाशात असे कण पसरते. नारळीकरांचे कण उष्णता धरण्यासाठी आहेत, रॉबिन्सन यांचे ती परतविण्यासाठी. दोन्ही ठिकाणी माणूस आकाशाला हात घालतो, आणि दोन्ही ठिकाणी त्या कृतीत भारताला महत्त्वाचे स्थान आहे. मराठी कथा या कादंबरीच्या कित्येक वर्षे आधीची आहे.

दुसरे उत्तर वाङ्मयीन आहे आणि प्रस्तुत लेखाचे प्रमेय त्यातच आहे. ‘हिमप्रलय’ची आशा अग्निबाणांत आहे असे प्रथमदर्शनी वाटते. विज्ञानाने संकट आणले, विज्ञानानेच ते निवारले, असा सुखान्त तिच्यात वाचला जातो. परंतु कथेची रचना पाहिली तर वेगळे दिसते. कथेचे तीन टप्पे आहेत : इशारा, उपेक्षा आणि उपाय. उपायाचा टप्पा भव्य आहे. पण तो महागडा, उशिराचा आणि अपरिहार्य म्हणून पत्करलेला आहे. तोवर किती जग गोठून गेले आहे! खरी आशा पहिल्या टप्प्यात होती. वसंत बोलत होता तेव्हा वेळ होता, साधने होती, आणि ऐकण्याची तयारी एवढीच काय ती उणीव होती. लेखकाने शास्त्रज्ञाच्या बरोबरीने पत्रकाराला प्रमुख पात्र केले, यातही हेच सूचित होते. इशारा देणाऱ्याइतकाच तो पोहोचवणारा महत्त्वाचा. म्हणजेच या कथेत सांगणे, लिहिणे, वाचले जाणे या क्रियांना अग्निबाणांइतकेच वजन आहे.

येथे नारळीकरांच्या वैज्ञानिक आयुष्याचाही संदर्भ येतो. विश्वाच्या उत्पत्तीसंबंधीच्या सर्वमान्य महास्फोट सिद्धान्ताला त्यांनी अखेरपर्यंत पर्याय मांडला. अल्पमतात असलेल्या शास्त्रज्ञाची स्थिती त्यांना आतून ठाऊक होती. त्यामुळे त्यांच्या कथेत न ऐकला गेलेला शास्त्रज्ञ हा हुतात्मा होत नाही आणि वेडा प्रतिभावंतही होत नाही. तो आपले गणित पुन्हा एकदा तपासतो आणि वाट पाहतो.

५. वामनाचे पाऊल : यंत्र आणि पुराण

‘यक्षांची देणगी’, ‘अंतराळातील भस्मासुर’, ‘वामन परत न आला’ : ही शीर्षके एकत्र ठेवली तर एक सूत्र हाती लागते. यक्ष प्रश्न विचारतो आणि उत्तर न देता पाणी पिणाऱ्याला मारतो. भस्मासुर मिळालेला वर देणाऱ्यावरच उलटवू पाहतो. वामन तीन पावलांची जागा मागतो आणि त्रिभुवन व्यापतो. तिन्ही कथा देणगी आणि तिची किंमत यांच्याविषयी आहेत. तंत्रज्ञानाविषयीचा नारळीकरांचा विचार याच त्रिकोणात बसतो.

प्राचीन भारतात विमाने आणि अण्वस्त्रे होती अशा दाव्यांचा नारळीकरांनी सातत्याने प्रतिवाद केला. तोच लेखक शीर्षकांसाठी वारंवार पुराणांकडे जातो, यात विसंगती नाही. पुराण त्यांना रूपक म्हणून हवे आहे, पुरावा म्हणून नको आहे. मराठी वाचकाच्या मनात भस्मासुराची गोष्ट आधीच आहे. ‘नियंत्रणाबाहेर जाणारे तंत्रज्ञान’ हा अवघड विषय त्या एका शब्दाने घरातला होतो. विज्ञानकथा ही पाश्चात्त्यांकडून आलेली कलमी फांदी आहे असे म्हणणाऱ्यांनी या खुंटाकडे पाहावे.

‘वामन परत न आला’ या कादंबरीत उत्खननात एक पेटी सापडते. तिच्यात एका लुप्त, प्रगत संस्कृतीचे ज्ञान साठविलेले असते. त्या सूचनांवरून शास्त्रज्ञ एक बुद्धिमान यंत्रमानव तयार करतात. त्याला स्वतःसारखे यंत्रमानव निर्माण करण्याचे सामर्थ्य हवे असते. ते त्याला मिळाले तर माणसाची जागा संपते. ज्या संस्कृतीने ही पेटी पुरली ती याच मार्गाने लयाला गेली होती, हे उशिरा उलगडते.

या कादंबरीकडे यंत्रमानवाची गोष्ट म्हणून पाहिले जाते. साहित्याच्या विद्यार्थ्याने तिच्याकडे वाचनाची गोष्ट म्हणून पाहावे असे सुचवावेसे वाटते. पेटी ही एक संहिता आहे. शास्त्रज्ञ तिच्यातील उपयुक्त भाग आधी वाचतात, बांधकाम सुरू करतात, आणि अर्थ नंतर लावतात. मृत संस्कृतीने ठेवलेला इशारा अपुऱ्या वाचनामुळे आमंत्रण ठरतो. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आज विद्यार्थ्यांच्या हातातील फोनपर्यंत येऊन पोहोचली आहेत. अशा वेळी कृतीच्या आधी वाचन पुरे करण्याचा हा आग्रह पूर्वीपेक्षा अधिक लागू पडतो. शीर्षकातील ‘न’ हे एक अक्षर सगळी आशा वाहून नेते. वामन परत आला नाही, कारण कोणीतरी वेळेवर पुढचे पान वाचले.

६. ‘गोतावळा’च्या शेजारी

आता या विचाराच्या मर्यादेकडे वळले पाहिजे. त्यासाठी बिद्रीपासून जवळच जन्मलेल्या एका लेखकाची कृती उपयोगी पडते. आनंद यादव यांचा जन्म १९३५ साली कागल येथे झाला. नारळीकरांचा तीन वर्षांनी, कोल्हापुरात. यादवांची ‘गोतावळा’ ही कादंबरी १९७१ साली प्रसिद्ध झाली. ‘कृष्णविवर’ त्यानंतर तीन वर्षांनी लिहिली गेली. एकाच जिल्ह्यात जन्मलेल्या दोन समकालीनांनी यंत्राविषयी लिहिले, आणि मराठी समीक्षेने एकाला ग्रामीण, दुसऱ्याला वैज्ञानिक अशा दोन कप्प्यांत ठेवून त्यांची भेटच होऊ दिली नाही.

‘गोतावळा’त मळ्यावर ट्रॅक्टर येतो. नारबा हा मळ्यावरचा गडी. बैल, गाई, कुत्री, कोंबड्या हाच त्याचा गोतावळा. यंत्र आल्यावर एकेक जनावर अनावश्यक ठरते आणि शेवटी नारबाही. हे सारे तो आपल्या बोलीत सांगतो. या कादंबरीत तंत्रज्ञानाची चूक झालेली नाही. ट्रॅक्टर बिघडत नाही, कोणावर उलटत नाही. तो ठरल्याप्रमाणे चालतो आणि त्याच्या चालण्यानेच एक जग संपते. नारळीकरांच्या कथेत धोका असतो तो यंत्र नियंत्रणाबाहेर जाण्याचा. यादवांच्या कादंबरीत धोका आहे तो यंत्र पूर्ण नियंत्रणात असतानाचा. ते नियंत्रण कोणाच्या हाती आहे, हा प्रश्न ‘गोतावळा’ विचारते आणि विज्ञानकथा सहसा विचारीत नाही.

नारळीकरांच्या जगात निर्णय घेणारे शास्त्रज्ञ, अधिकारी आणि क्वचित मंत्री असतात. संकट सर्व मानवजातीवर येते आणि उपायही सर्वांसाठी असतो. ज्याची जमीन जाते, ज्याचे जनावर जाते, तो माणूस कथेत येत नाही. स्त्रिया बहुधा घरात असतात, आणि ‘धूमकेतू’सारख्या कथेत श्रद्धेची बाजू त्यांच्याकडे सोपविली जाते. हा दोष एकट्या नारळीकरांचा नाही. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर, शुभदा गोगटे यांनी या प्रकाराचा विस्तार मोठा केला. तरी ऊसतोड मजुराच्या पालावरून दिसणारे तंत्रज्ञान मराठी विज्ञानकथेत अद्याप पुरेसे उतरलेले नाही. अमिताव घोष यांनी ‘द ग्रेट डिरेंजमेंट’ या २०१६ च्या ग्रंथात अशी तक्रार केली आहे की, गंभीर मानल्या गेलेल्या कादंबरीने हवामानबदलाचा विषय दाराबाहेर ठेवला आणि तो विज्ञानकथेच्या वाट्याला गेला. मराठीत ही फाळणी दुहेरी दिसते. विज्ञानकथेकडे संकटाचे आकलन आहे, पण तिच्यात गाव नाही; ग्रामीण कादंबरीकडे गाव आहे, पण येऊ घातलेल्या संकटाची भाषा तिने क्वचितच वापरली.

७. वर्गातील वाचन : चार फुटांचा अवकाश

कोल्हापूर जिल्ह्यात पावसाळ्यात एक आकडा घरोघरी विचारला जातो : राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची पातळी किती? ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. दुसरा प्रश्न राधानगरीचा : किती स्वयंचलित दरवाजे उघडले? तलाव ठरावीक पातळीपर्यंत भरला की हे दरवाजे आपले आपणच उघडतात. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी हे शब्द लहान मुलांच्याही तोंडी बसविले आहेत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली होती.

‘हिमप्रलय’ शिकविताना हे आकडे फळ्यावर लिहावेत, असा अनुभवाने सुचलेला उपाय आहे. मग मुंबईतील बर्फाची गोष्ट परकी राहत नाही. इशारा आणि धोका यांच्यामध्ये चार फूट असतात. त्या चार फुटांत जनावरे सोडवायची, धान्य माळ्यावर चढवायचे, म्हाताऱ्या माणसांना पाहुण्यांकडे पोहोचवायचे. वसंत चिटणीसाने मागितलेला वेळ तो हाच. एका विद्यार्थिनीने वर्गात विचारले, “सर, इशारा पातळीला आमच्या गल्लीत कुणीच उठत नाही. धोका पातळी आली की मगच गडबड. मग कथेतल्या शास्त्रज्ञाला जग का ऐकेल?” कथेच्या मर्मावर याहून नेमके भाष्य छापील समीक्षेत वाचल्याचे स्मरत नाही.

तिच्या प्रश्नाला कथेच्या बाजूने एक उत्तर देता येते. इशारा पातळी हा आकडा आहे. आकड्याला माणूस उठत नाही. जे अजून घडलेले नाही ते घडल्यासारखे दाखविणे आणि तरीही ते टाळण्याची मुभा वाचकाच्या हाती ठेवणे, हे काम कथाच करू शकते. ‘हिमप्रलय’ वाचताना वाचक धोका पातळी अनुभवतो आणि पुस्तक मिटून पुन्हा इशारा पातळीला येतो. नारळीकरांनी गणिताच्या कागदावर कथा लिहावयास घेतली त्याचे समर्थन याहून वेगळे देण्याची गरज नाही.

प्रश्नाचा दुसरा भाग मात्र उरतो. गल्लीत कुणी उठत नाही याला केवळ आळस कारण नसतो. उठून जायचे कोठे, जनावरे बांधायची कोठे, आणि मागे राहिलेल्या घराचे काय, या प्रश्नांची उत्तरे इशाऱ्यात नसतात. येथे नारबाची बाजू पुन्हा सामोरी येते. शास्त्रज्ञाचा इशारा आणि नारबाचा अनुभव एकाच कथेत यावयास हवे आहेत.

८. समारोप

वरील विवेचनातून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. नारळीकरांच्या विज्ञानकथेचा घाट कोड्याचा आहे आणि तिचे मूल्यमापन त्या घाटाला धरूनच व्हावयास हवे. तिच्यातील आशा यंत्राच्या सामर्थ्यात शोधणे वरवरचे ठरते. ती इशारा ऐकला जाण्याच्या शक्यतेत आहे, आणि म्हणून ती मुळात भाषेशी व कथनाशी निगडित आहे. तिचे तंत्रविषयक भान पुराणकथेच्या रूपकांतून मराठी मनाशी जोडलेले आहे. तंत्रज्ञानाच्या मालकीचा प्रश्न मात्र तिने बाजूला ठेवला, आणि तो प्रश्न आपल्याच परिसरातील ग्रामीण कादंबरीने नेमका विचारला आहे.

पदव्युत्तर वर्गासाठी यातून एक सूचना करता येईल. ‘हिमप्रलय’ आणि ‘गोतावळा’ या दोन कृती एकाच घटकात, एकाच आठवड्यात शिकवाव्यात. प्रकारांची लेबले बाजूला ठेवून विद्यार्थ्यांना एवढेच विचारावे की, येथे इशारा कोणी दिला, तो कोणी ऐकला आणि किंमत कोणी मोजली. लघुप्रबंधासाठी विषय शोधणाऱ्यांनी पूरग्रस्त गावांत सांगितल्या जाणाऱ्या पुराच्या गोष्टी आणि विज्ञानकथेतील प्रलयाची वर्णने यांचा तौलनिक अभ्यास हाती घ्यावा. या दिशेने करण्यासारखे काम पुष्कळ आहे. बनारसच्या घरातील फळ्यावर कोडे सुटेपर्यंत पुसले जात नसे. आमच्या वर्गातील त्या विद्यार्थिनीचा प्रश्नही काही काळ फळ्यावर तसाच राहावयास हरकत नाही.